अ‍ॅझ्युअर साइट रिकव्हरी: बांधकाम कंपनीच्या सर्व्हरसाठी कितपत कामाची?

पुण्यात हेड ऑफिस, चार-पाच साइट आणि ऑफिसातल्या एका खोलीत हायपर-व्हीचा (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरचा) एक होस्ट, म्हणजे मूळ सर्व्हर. त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर), टॅली आणि बिलिंगचा ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) असलेलं मशीन, आणि ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर. मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीचा आयटीचा संसार बहुधा एवढाच असतो. त्या खोलीत पाणी शिरलं, शॉर्ट सर्किट झालं किंवा रॅन्समवेअरनं फाइली कुलूपबंद केल्या, की आरए बिलं (चालू कामाची टप्प्याटप्प्यानं निघणारी बिलं) अडकतात, सळईचं बीबीएस (कापण्या-वाकवण्याची यादी) सापडत नाही आणि साइटवर जुन्या रिव्हिजनच्या प्रिंटवरून काम चालू राहतं. यातलं शेवटचं सगळ्यांत महाग पडतं. चुकीच्या जागी ओतलेलं काँक्रीट कुठल्याही बॅकअपमधून परत येत नाही.

मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युअर साइट रिकव्हरी अशा ऑफिससाठी चांगली आहे. रोजचं काम आपल्याच सर्व्हरवर चालतं, मशीनची प्रत सतत क्लाउडवर जात राहते आणि सर्व्हर गेला की तीच मशीन तिकडे चालू करायची; यालाच फेलओव्हर म्हणतात. हा भाग सेवा नीट पार पाडते. मात्र मशीन चालू झालं म्हणजे अकाउंट्सवाले आणि ड्राफ्ट्समन कामाला लागले असं होत नाही. त्याची तयारी आपली आपणच करायची असते, आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं.

पहिली चूक जागा निवडताना होते. अ‍ॅझ्युअरचा सेंट्रल इंडिया विभाग (डेटा सेंटरचा समूह) पुण्यातच आहे. जवळचा म्हणून पुण्याच्या कंपनीनं तो घेतला, तर मूळ आणि प्रत एकाच शहरात राहतात. पुणेकरांनी चेन्नईतला साउथ इंडिया घ्यावा. मुंबईकरांनी मुंबईतला वेस्ट इंडिया सोडून पुणे किंवा चेन्नई घ्यावं. चेन्नईनंही डिसेंबर २०१५ चा पूर पाहिला आहे, पण दोन्ही शहरं एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता फारच कमी. साउथ इंडियात हव्या त्या आकाराचं मशीन मिळतं का आणि आपल्या खात्याचा कोअरचा कोटा (प्रोसेसर वापरायची मर्यादा) पुरतो का, हे आधीच बघा. कोटा कमी पडला तर ऐन वेळी फेलओव्हर नापास होतो.

उभारणी अवघड नाही. रिकव्हरी सर्व्हिसेस व्हॉल्ट (या सगळ्याची नोंद आणि सेटिंग सांभाळणारी क्लाउडवरची तिजोरी) तयार करायचा, त्यात हायपर-व्ही साइट नोंदवायची, प्रोव्हायडर (होस्टला सेवेशी जोडणारा प्रोग्राम) आणि नोंदणीची किल्ली उतरवून होस्टवर बसवायची. ही किल्ली ५ दिवसच चालते. कॉपीची वारंवारता ३० सेकंद किंवा ५ मिनिटं ठेवता येते. बिलिंग आणि टॅलीला ५ मिनिटं भरपूर झाली. हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या खात्यात करा, आयटी व्हेंडरच्या नाही. करार मोडला की व्हॉल्टच्या चाव्या दुसऱ्याच्या खिशात राहतात.

पहिली पूर्ण कॉपी इंटरनेटच्या लाइनचा घाम काढते. २ टीबी डेटा आणि १०० एमबीपीएस अपलोड असेल, तर नुसत्या हिशेबानं साडेचव्वेचाळीस तास लागतात. लाइनचा ७० टक्के भागच हाती येतो असं धरलं तर ६३-६४ तास. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा. होस्टवरच्या बॅकअप एजंटच्या सेटिंगमध्ये कामाच्या वेळेसाठी आणि उरलेल्या वेळेसाठी वेगवेगळी मर्यादा घालता येते. ती घातली नाही तर सोमवारी साइटचे व्हिडिओ कॉल तुटू लागतात.

लाइन बंद पडली तर काय होतं, हे फार कमी जण तपासतात. रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटणं आपल्याकडे नवं नाही. त्या काळातले सगळे बदल लॉग फाइलींत साठतात, आणि त्या फाइली मशीनच्या डिस्कशेजारी, होस्टवरच वाढत जातात. लॉग डिस्कच्या आकाराच्या निम्म्यावर गेला की मशीनवर रिसिंकचा (प्रत मूळ डिस्कशी पुन्हा जुळवण्याचा) शिक्का बसतो. म्हणून होस्टवर मोकळी जागा ठेवा आणि शक्य असेल तर वेगळ्या कंपनीची दुसरी लाइन घ्या.

आता मुख्य मुद्दा: फेलओव्हरनंतरचा पहिला तास.

अ‍ॅझ्युअरच्या बऱ्याच मशीनमध्ये डी ड्राइव्ह तात्पुरत्या साठ्यासाठी असतो. आपला टॅलीचा डेटा ऑफिसात डी वर असेल, तर क्लाउडवर त्याची डिस्क ई होऊन बसू शकते, आणि टॅली, ईआरपी, शेड्यूल केलेली कामं सगळे जुनाच पत्ता शोधत राहतात. उपाय एका ओळीचा आहे: मूळ मशीनवर डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमधून सॅन पॉलिसी (नव्यानं दिसलेल्या डिस्क आपोआप चालू करायच्या का, हे ठरवणारं सेटिंग) ‘ऑनलाइन ऑल’ करून ठेवायची. पण हे आधी करावं लागतं. रिमोट डेस्कटॉप आणि त्याचा फायरवॉल नियमही मूळ मशीनवर आधीच चालू हवा.

टॅलीचं लायसन्स मशीनशी जोडलेलं असतं. हार्डवेअर बदललं की ते पुन्हा सक्रिय करावं लागू शकतं, नाहीतर एज्युकेशनल मोड येतो आणि महिन्याच्या ठरावीक तारखांनाच नोंद करता येते. लायसन्सचा ईमेल आणि पासवर्ड निदान दोघांकडे, कागदावर, ऑफिसबाहेर असू द्या. टॅली क्लाउडवरच्या मशीनमध्ये रिमोट डेस्कटॉपनंच चालवा. व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) शेअर केलेलं डेटा फोल्डर उघडायला गेलात तर लोक कंटाळून उठून जातील.

मशीनचं नाव तेच राहतं, आयपी पत्ता मात्र बदलतो. ज्यांनी शॉर्टकटमध्ये आकडे टाकलेत त्यांचे शॉर्टकट मेले. सगळीकडे सर्व्हरचं नाव वापरा आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) बदलायची पायरी लिहून ठेवा. रिकव्हरी प्लॅनमध्ये (मशीन कुठल्या क्रमानं उठवायची त्या यादीत) डोमेन कंट्रोलर पहिल्या गटात घाला. तो उठायच्या आत ईआरपी उठला तर कुणालाच लॉगिन होत नाही. व्हीपीएन गेटवे तयार व्हायला ४५ मिनिटं किंवा जास्तही लागतात, म्हणून तो आधीच उभा असलेला बरा. त्याचं महिन्याचं भाडं खर्चात धरा.

ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर मात्र या सेवेत घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डेटा सगळ्यांत मोठा तिथेच असतो, आणि फेलओव्हरनंतर चेन्नईतली रेव्हिटची (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल व्हीपीएनवरून पुण्यात उघडणं म्हणजे छळ. त्याऐवजी दुसऱ्या इमारतीत एक नास (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) ठेवा: साइटच्या पत्र्याच्या केबिनमध्ये नको, तिथे धूळ आणि जनरेटरचा वरखाली होणारा व्होल्टेज डिस्क खातो. नासनं रात्री सर्व्हरवरून फाइली स्वतः ओढून घ्याव्यात. सर्व्हरला नासवर लिहायचा अधिकार दिला तर रॅन्समवेअरलाही तो मिळतो. ऑटोकॅडमध्ये एक्सरेफचे (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगचे) पत्ते रिलेटिव्ह, म्हणजे मुख्य फाइलच्या जागेवरून मोजलेले, ठेवा आणि रेव्हिटच्या सेंट्रल मॉडेलच्या पत्त्यात सर्व्हरचं नाव हवं, नाहीतर नासवरून उघडलेल्या ड्रॉइंगमध्ये कॉलमचा ग्रिडच गायब दिसेल.

रॅन्समवेअरसाठी साइट रिकव्हरीवर विसंबू नका. हायपर-व्हीच्या मशीनसाठी रिकव्हरी पॉइंट (मशीन ज्या क्षणाच्या स्थितीला परत नेता येतं ते टप्पे) जास्तीत जास्त २४ तासांचेच राहतात. शनिवारी रात्री लागण झाली आणि सोमवारी सकाळी कळली, तर सगळे पॉइंट बिघडलेलेच असतात. त्यासाठी अ‍ॅझ्युअर बॅकअप वेगळा लावा. त्याचा मार्स एजंट (सर्व्हरवर बसवायचा बॅकअप प्रोग्राम) दिवसातून ३ वेळा बॅकअप घेतो. त्याचा पासफ्रेज (बॅकअप उघडायचा लांब पासवर्ड) किमान १६ अक्षरांचा असतो, आणि तो हरवला तर मायक्रोसॉफ्टही डेटा उघडून देऊ शकत नाही. पासफ्रेजची फाइल त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवलेली असते, ही सर्रास दिसणारी आणि सर्वांत वाईट चूक.

खर्च प्रत्येक मशीनमागे महिन्याला साधारण २५ डॉलर, त्यावर साठवणुकीचं भाडं आणि जीएसटी. वर सांगितल्याप्रमाणे दोनच मशीन घातली तर मूळ रक्कम ५० डॉलर. क्लाउडवरचं मशीन चालू झालं तरच त्याचे पैसे लागतात. पहिले ३१ दिवस सेवेचं शुल्क नाही, तेवढ्यात एक तरी टेस्ट फेलओव्हर होऊन जाऊ द्या. परत येताना, म्हणजे फेलबॅकला, क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे पडतात. तेव्हा ‘आधी सिंक, मग फेलओव्हर’ हा पर्याय घ्या, म्हणजे बंद वेळ थोडा राहतो. जुना होस्ट वाहूनच गेला असेल तर नव्या होस्टवर मशीन नव्यानं बनवून घेता येतं.

टेस्ट दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी घ्या, आणि ती वेगळ्या नेटवर्कवर घ्या. त्या नेटवर्कचं बाहेर जाणारं इंटरनेट बंद असल्याची खात्री करा, नाहीतर जुळा ईआरपी पुरवठादारांना तीच परचेस ऑर्डर दुसऱ्यांदा ईमेल करेल. नुसती लॉगिनची खिडकी दिसली म्हणजे टेस्ट पास समजू नका. अकाउंट्सच्या माणसाला बसवून टॅलीत एक नोंद करून घ्या, बिलिंग इंजिनिअरला गेल्या महिन्याचं आरए बिल काढायला सांगा आणि नासवरून एक स्ट्रक्चरल ड्रॉइंग उघडून त्याचा रिव्हिजन क्रमांक साइटवरच्या प्रिंटशी जुळवा. काम झालं की क्लीनअप करायला, म्हणजे टेस्टची मशीन काढून टाकायला, विसरू नका, कारण टेस्टचं मशीन चालू राहिलं तर त्याचं मीटरही चालूच राहतं.