मलब्याच्या गिट्टीवर दहा महिने

आमचं नागपुरातल्या मानेवाड्यातलं १९८४ सालचं घर गेल्या वर्षी पाडलं. मलबा उचलायचे पैसे ठेकेदाराने वेगळे सांगितले आणि त्याच कागदावर खाली नव्या गिट्टीचा भाव लिहिला. पैसे देऊन दगड बाहेर काढायचा आणि पुन्हा पैसे देऊन दगडच आत आणायचा, हे काही मला पटेना. चौकशी करता करता शहराबाहेर काँक्रीटचा मलबा फोडून गिट्टी करणारा एक क्रशर सापडला. आमच्याकडून मलबा घेऊन गेलेलाच ट्रक येताना तयार गिट्टी भरून आला. ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) भाव कमी पडला तो पडलाच, पण खरे पैसे वाचले ते वाहतुकीत.

कॉलम, बीम, स्लॅबमध्ये यातलं एक घमेलंही टाकलेलं नाही. आयएस ३८३ या काँक्रीटच्या वाळू-गिट्टीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे जुन्या काँक्रीटची गिट्टी साध्या, बिनसळ्यांच्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या (एम पुढचा आकडा ताकदीचा) आरसीसीत, म्हणजे सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, २० टक्के आणि एम-१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. आमचे इंजिनिअर म्हणाले, आरसीसीत घालायची तर लॉट तपासून घ्यावा लागेल, एका घरासाठी तेवढा खटाटोप नको. मग पायव्याखालचं १:४:८ (सिमेंट:वाळू:गिट्टी) चं लीन काँक्रीट, पार्किंगचा थर आणि अंगणातल्या पेव्हरखालचा भराव एवढ्याच ठिकाणी ती वापरली.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. मे महिन्याचं ऊन, गिट्टी कोरडीठण्ण. मिक्सरमधून माल बरा निघाला, पण खड्ड्यापर्यंत नेईस्तोवर घमेल्यातच घट्ट. मिस्त्री म्हणाले, "भाऊला सांगा ताई, गिट्टीच पाणी पिऊन राहिली ना!" खरंच तसं होतं. या गिट्टीला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो, तो सच्छिद्र असतो आणि काळ्या दगडाच्या गिट्टीपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतो. वरून पाणी ओतून माल सैल करायचा मोह होतो, पण त्याने ताकद जाते. दुसऱ्या दिवसापासून ढीग रात्रीच भिजवायचा, गोणपाटाने झाकायचा आणि सकाळी निथळल्यावर वापरायचा असं ठरवलं. पुन्हा अडचण आली नाही.

दुसरी तक्रार मालाच्या सफाईची. पहिल्या ट्रकमध्ये टाइल्सचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, पीओपीच्या पांढऱ्या खपल्या निघाल्या. एका तुकड्यावर तर कुणाच्या तरी भिंतीचा पिस्ता रंग अजून तसाच होता. पीओपी म्हणजे जिप्सम, त्यातलं सल्फेट सिमेंटला घातक. मी आणि सासूबाईंनी दोन दुपारी बसून ते निवडलं. दुसरा ट्रक क्रशरवर उभं राहून पाहिला, मगच भरू दिला.

आता पार्किंगचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त समाधान तिथे मिळालं. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घराचं अंगण दर पावसाळ्यानंतर कुठेतरी खचायचंच. या वेळी काळी माती काढून मुरूम भरला, त्यावर ही गिट्टी पसरून पाणी मारत रोलर फिरवला. फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे कोनदार आणि खरखरीत असतात, एकमेकांत घट्ट अडकून बसतात. शिवाय त्यात न भिजलेलं थोडं जुनं सिमेंट शिल्लक असतं, त्यामुळे थर ओला होऊन दाबला गेला की काळानुसार आणखी कडक होत जातो. पूर्ण पावसाळा गेला, रोज चारचाकी आत-बाहेर होते, तरी दहा महिन्यांत पेव्हर एकाही जागी बसलेला नाही. फक्त गेटाजवळ, जिथे नळाच्या पाइपसाठी पुन्हा खोदलं, तिथे बोटभर खोलगट झालंय. ते नीट न दाबल्यामुळे, गिट्टीचा त्यात दोष नाही.

बोअरच्या रिचार्ज खड्ड्यात, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात, मात्र नवीनच गिट्टी टाका. या गिट्टीतून चुना पाझरतो, पाणी क्षारयुक्त होतं आणि खड्ड्याची भोकंही बुजू शकतात.

भासऱ्यांचं बेसा भागातलं घर येत्या महिन्यात पाडायचं आहे. तिथे पीओपी, टाइल्स, चौकटी आधी उतरवून वेगळ्या ठेवायला सांगितल्यात. काँक्रीटला त्यानंतरच हात लावतील.