'क्लोज टू द एज' की 'रिलेअर': दिवाळीपासून आळीपाळीने ऐकल्यावर

'येस' या ब्रिटिश रॉक बँडचे हे दोन अल्बम मी गेल्या दिवाळीत एकदमच घेतले. दोन्ही स्टीव्हन विल्सनने नव्याने मिक्स केलेल्या आवृत्त्या, 'क्लोज टू द एज' २०१३ची आणि 'रिलेअर' २०१४ची. आता गणपतीही येऊन गेले, पण दोन्हींपैकी एकही सीडी अजून कपाटात गेलेली नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या चार-पाच जणांच्या कंपूत या दोन अल्बमवरून जुना वाद आहे, आणि तो दर वेळी कीबोर्डवाल्यापाशी येऊन अडतो. पहिल्यावरचा रिक वेकमन थोर की दुसऱ्यावरचा पॅट्रिक मोराझ? इतके महिने कान देऊन ऐकल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की आपण भलत्याच माणसावरून भांडतोय. या दोन अल्बममधला मोठा फरक ड्रमवर बसलेल्या माणसाचा आहे.

तुलना करायला ही जोडी इतकी सोयीची का, ते आधी सांगतो. दोन्ही अल्बमची चौकट एकच आहे. पहिल्या बाजूला एकच लांबलचक रचना, दुसऱ्या बाजूला नऊ-दहा मिनिटांची दोन गाणी. १९७२च्या 'क्लोज टू द एज'ची मुख्य रचना साधारण १९ मिनिटांची, १९७४च्या 'रिलेअर'मधली 'द गेट्स ऑफ डिलिरियम' २२ मिनिटांच्या आसपास. गायक जॉन अँडरसन, गिटारवर स्टीव्ह हाऊ आणि बेसवर ख्रिस स्क्वायर हे तिघं दोन्हीकडे तेच. ध्वनिमुद्रण दोन्हीकडे एडी ऑफर्डचं, मुखपृष्ठं दोन्हीकडे रॉजर डीनची. बदलली ती फक्त दोन माणसं. एवढी स्वच्छ तुलना दुसऱ्या कुठल्या बँडच्या बाबतीत करता येईल असं मला चटकन आठवत नाही.

ड्रमर बिल ब्रुफर्ड 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग आटोपून किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. अल्बम बाजारात आला तेव्हा तो बँडमध्ये नव्हताच. अमेरिकेचा दौरा तोंडावर आलेला असताना अॅलन व्हाइटने अवघ्या काही दिवसांत सगळं वाजवणं बसवलं. हा व्हाइट म्हणजे जॉन लेननच्या प्लॅस्टिक ओनो बँडमध्ये वाजवलेला, लेननच्या 'इमॅजिन' अल्बमवरही वाजवलेला माणूस. रॉकचा सरळ, भरीव ठेका हे त्याचं बलस्थान. वेकमन मात्र १९७३च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या चार बाजूंच्या अल्बमवर मनापासून नाराज होता. त्या दौऱ्यात मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात आपण मंचावरच विंदालू खाल्ल्याचा किस्सा तो स्वतःच सांगतो. १९७४मध्ये तो बाहेर पडला. त्याच्या जागी आधी ग्रीक कीबोर्डवादक वँगेलिसला आजमावून पाहिलं, ते जमलं नाही, आणि स्वित्झर्लंडचा मोराझ आला. येसबरोबरचा त्याचा स्टुडिओ अल्बम हा एकच.

आता ड्रमकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यावरच.

'क्लोज टू द एज' सुरू होतं पक्ष्यांच्या आवाजाने आणि पाण्याच्या खळखळाटाने. मग बँड एकदम अंगावर येतो. हाऊची गिटार सुसाट सुटलेली, खाली स्क्वायरचा रिकनबॅकर बेस गुरगुरतोय. मध्येच सगळे जागच्या जागी थबकतात, फक्त गळ्यांचा एक उभा 'आ' येतो, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा धावपळ. या सगळ्यात ब्रुफर्ड काय करतो ते ऐका. तो भरत नाही, मोकळं सोडतो. त्याच्या स्नेअर ड्रमचा आवाज कोरडा आणि टणटणीत, आणि तो जिथे पडेल असं वाटतं तिथे पडत नाही. सम लपवून ठेवायची त्याला हौस आहे. पुढे याच रचनेतल्या 'टोटल मास रिटेन'च्या भागात बेस एका हिशेबाने चाललाय आणि ड्रम दुसऱ्या, तरी दोघं अचूक जागी भेटतात. दुसऱ्या बाजूवरचं 'सायबेरियन खात्रू' याच कारणाने शिळं होत नाही. पाय कितीही वेळा ताल धरू दे, ब्रुफर्ड तो अर्ध्या मात्रेने चकवतो.

व्हाइटचा पिंडच वेगळा. दिंडीतला पखवाजवाला जसा चालणाऱ्या सगळ्यांना एका पावलावर ठेवतो, तसा तो 'गेट्स ऑफ डिलिरियम' सांभाळतो. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'वरून सुचलेली ही रचना म्हणजे युद्धाची तयारी, युद्ध आणि नंतरची शांतता. मधल्या लढाईच्या भागात हाऊ टेलिकास्टर गिटारवर अक्षरशः किंचाळतो, मोराझचे सिंथेसायझर चहूबाजूंनी अंगावर येतात, आणि धातूचे आवाज आदळत राहतात. अँडरसन आणि व्हाइटने भंगारातून गाड्यांचे सुटे भाग आणून ते बडवले होते. इथे ब्रुफर्ड असता तर त्याने आणखी गुंता केला असता, आणि मग ऐकणाऱ्याच्या हातात धरायला काहीच उरलं नसतं. व्हाइट त्या गदारोळात पायाखालची जमीन देतो. म्हणून बाकीच्या चौघांना बेभान व्हायची मुभा मिळते. एकदा हे कानाला कळलं की 'रिलेअर म्हणजे नुसता गोंगाट' हा आक्षेप टिकत नाही.

मोराझवर अन्याय होतो तो यामुळेच. वेकमनचे तुकडे ओळखू येतात, बोट दाखवून सांगता येतात. लंडनमधल्या चर्चचा तो पाइप ऑर्गन, त्यानंतरचा हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनचा धबधबा, 'सायबेरियन खात्रू'मधला हार्प्सिकॉर्ड. मोराझ बराच वेळ असा समोर येत नाही, तो हाऊच्या गिटारमागे रंग भरत राहतो. 'साउंड चेसर'च्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो आणि शेवटाकडचा, सूर वाकवत जाणारा सिंथेसायझर सोडला तर त्याचा म्हणून वेगळा काढता येईल असा ऐवज कमी आहे. पण तो काढून टाकला असता तर लढाईला धूर आणि आकाश मिळालं नसतं. इथे मी मोराझवाल्यांच्या बाजूने ठाम उभा आहे.

वापराचं बोलायचं तर हे अल्बम कुठे ऐकता यावर फार काही अवलंबून आहे. माझी नोकरी वाशीला, त्यामुळे ठाणे-वाशी लोकल हा माझा रोजचा ऐकण्याचा वेळ. ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या गर्दीत इअरफोनवर 'क्लोज टू द एज' उत्तम निभावतं. पक्षी आणि पाणी गाडीच्या खडखडाटात बुडतात खरे, पण एकदा वाद्यं लागली की प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. 'रिलेअर' गाडीत लावूच नये. ठाण्याला सुरू केलं की युद्ध साधारण घणसोली-कोपरखैरणेच्या पट्ट्यात पेटतं, आणि तिथे दाराशी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची झुंबड. गिटार, धातू आणि डब्याचा आवाज यांचा नुसता लगदा होतो. आवाज वाढवला की कान दुखतात. हा अल्बम घरी, स्पीकरवर, थोड्या मोकळ्या खोलीत ऐकायचा.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी रविवारी सकाळी तो लागतो. आई नाट्यसंगीतावर वाढलेली. युद्धाचा भाग सुरू झाला की ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते. पण शेवटची साधारण सहा मिनिटं, ज्यांना सगळे 'सून' (इंग्रजी 'Soon') म्हणून ओळखतात, ती सुरू झाली की दार उघडतं. एका रविवारी ती हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर आली आणि स्टील गिटारची ती लांब मींड संपेपर्यंत उभी राहिली. "हे परत लाव रे," म्हणाली. मी फक्त तेवढाच तुकडा लावला, तर तिला तो पहिल्यासारखा लागला नाही. "मघाशी जास्त चांगलं वाटलं." अगदी बरोबर. 'सून'चा छोटा तुकडा सिंगल म्हणून स्वतंत्र निघाला होता, पण तो सुटा ऐकण्यात अर्थ नाही. त्याआधीची पंधरा-सोळा मिनिटं सोसल्याशिवाय अँडरसनचा तो आवाज असा पोटात उतरत नाही. पोळी अर्थातच करपली.

नव्या मिक्सचा फायदा दोन्हींना झालाय, 'रिलेअर'ला जास्त. मूळ रेकॉर्डिंग स्क्वायरच्या सरे परगण्यातल्या घरी झालं होतं, आणि जुन्या तबकडीवर त्याचा आवाज वरच्या पट्टीत कर्कश लागतो. नेरुळच्या मित्राकडे ती तबकडी आहे. त्याच्याकडे आम्ही जुनं आणि नवं लागोपाठ लावून पाहिलं. नव्या मिक्समध्ये बेस आणि ड्रम वेगवेगळे कळतात, लढाईत कोण कुठे आहे ते दिसतं. मित्राच्या मते त्यामुळे अंगावर येणारा धाक कमी झाला. मला तसं वाटत नाही, पण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नाही. 'क्लोज टू द एज'च्या बाबतीत मात्र मी जुनी तबकडीही तितक्याच आनंदाने ऐकेन. ते मुळातच नीट बसलेलं काम आहे.

दुसऱ्या बाजूंची तुलना लवकर आटपते. 'अँड यू अँड आय' या चारही गाण्यांत सरस. बारा तारांच्या गिटारवरची ती मोकळी सुरुवात आणि मग मेलोट्रॉन या कीबोर्डवर सगळं उंच उचललं जाणं, याला 'रिलेअर'कडे उत्तर नाही. 'साउंड चेसर' पहिले काही आठवडे माझ्या डोक्यावरून गेलं. आता मधला हाऊचा एकट्याचा भाग मी थांबून ऐकतो, पण 'चा चा चा'चा गजर अजूनही मला खटकतो. 'टू बी ओव्हर' हळूहळू आवडत गेलं. लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावात नावेतून फिरताना हाऊला ते सुचलं म्हणतात. संध्याकाळी तलावपाळीला मासुंदा तलावात नावा फिरत असतात, तिथल्या कट्ट्यावर बसून हे गाणं ऐकायचं सुख ठाणेकरांनी जरूर घ्यावं. त्यातली इलेक्ट्रिक सतार आपल्या सतारीसारखी मुळीच लागत नाही, तरी गोड आहे.

बांधणीत मी 'क्लोज टू द एज'ला वरचा क्रमांक देतो. हे मान्य केल्याशिवाय माझ्या बोलण्याला वजन येणार नाही. हर्मन हेसेच्या 'सिद्धार्थ' कादंबरीवरून सुचलेलं हे काम छोट्या छोट्या तुकड्यांत रेकॉर्ड करून टेप जोडत जोडत उभं केलं, आणि तरी एकही सांधा कळत नाही. ऑर्गननंतर पुन्हा वेग पकडतात ती जागा तर केवळ अप्रतिम. पण गेल्या काही महिन्यांत घरी हात आपोआप जातो तो 'रिलेअर'कडे. पहिल्यात पुढे काय येणार हे मला आता पूर्ण ठाऊक आहे आणि ते तसंच यावं असं वाटतं. दुसऱ्यात ठाऊक असूनही मी सावरून बसतो.

नव्याने ऐकणाऱ्याने 'क्लोज टू द एज'ने सुरुवात करावी, निदान महिनाभर तेच ऐकावं. ज्याला जॅझ फ्यूजनची, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाची सवय आहे त्याने थेट 'रिलेअर' घेतलं तरी चालेल. फोनच्या स्पीकरवर दोन्ही लावू नयेत.

आणि कीबोर्डवाल्यांच्या वादाला माझं शेवटचं उत्तर. वेकमन १९७७च्या 'गोइंग फॉर द वन'ला परत आला. चर्चचा ऑर्गनही पुन्हा वाजला, या वेळी स्वित्झर्लंडमधल्या व्हेवेचा, 'अवेकन' या पंधरा मिनिटांच्या रचनेत. अँडरसन, हाऊ, स्क्वायर, वेकमन सगळे १९७२चेच. 'क्लोज टू द एज'नंतर लगेच 'अवेकन' लावून पाहा. तो १९७२चा निसटता, सम चकवणारा नाद त्यात सापडत नाही. ड्रमवर अॅलन व्हाइट आहे, आणि रचना त्याच्या भरीव ठेक्यावर उभी आहे, 'गेट्स ऑफ डिलिरियम'सारखीच.