इटलीची पाटी: इंदूरमधल्या सुरक्षा परिषद शिबिराबद्दल

माझी नात अकरावीत आहे. पलासिया भागातल्या एका खाजगी शिकवणीनं नववी ते बारावीच्या मुलांसाठी सहा रविवारांचं शिबिर ठेवलं होतं. विषय एकच: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा विस्तार व्हावा का, आणि झालाच तर कसा. फी 2,400 रुपये, मुलं 30, वेळ सकाळी 9 ते 12. मागच्या खुर्च्यांवर पालकांना बसू देतात. मी 31 वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे सहाही रविवार जाऊन बसले. शिकवणीचं नाव इथं लिहीत नाही. जे खटकलं ते त्यांना कागदावर लिहून दिलं आहे. हे लिहिते आहे ते पुढच्या तुकडीत मूल घालू पाहणाऱ्या आईबापांसाठी.

पहिल्या दिवशी कोणी कोणत्या देशातर्फे बोलायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाला भारतच हवा होता, आमच्या घरच्या मुलीला तर फारच. तिला निघाली इटली. पुठ्ठ्याची पाटी, एका बाजूला हिंदीत नाव, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. घरी येऊन ती जेवली नाही. ‘आजी, मला आपल्याच देशाच्या विरुद्ध बोलावं लागणार,’ म्हणाली. परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच कायम सदस्य, बाकीचे दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येणारे. भारताला कायम जागा हवी आहे, आणि इटली नवे कायम सदस्य नकोत म्हणणाऱ्या गटात आहे. पाकिस्तान, दक्षिण कोरिया, अर्जेंटिना, मेक्सिको हेही त्याच गटात. मी तिला म्हटलं, अगं, आधी त्यांचं म्हणणं तर बघ.

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर तेच. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे तिनं मुद्दे उतरवून काढले. जर्मनी, जपान, ब्राझील आणि भारत या चौघांची कायम जागेची मागणी. 2005 साली त्यांनी मांडलेला आराखडा 25 सदस्यांचा: सहा नवे कायम, त्यांत दोन आफ्रिकेचे, आणि चार नवे निवडून येणारे. इटलीचा सवाल असा की एकदा बसवलेला कायम सदस्य पुन्हा कोणाला उत्तर देणार? त्यापेक्षा जास्त मुदतीच्या जागा करा, लगेच पुन्हा उभं राहायची मुभा द्या, पण निवडून या. दुसऱ्या रविवारी ती भारताच्या पाटीमागच्या मुलाला म्हणाली, ‘आप आठ बार चुनकर आए हैं, नौवीं बार भी आ जाएँगे. दिक्कत क्या है?’ वर्ग एकदम गप्प झाला. भारत 1950-51 पासून 2021-22 पर्यंत खरंच आठ वेळा निवडून आला आहे, आणि 2028-29 साठीही उमेदवारी जाहीर केली आहे.

त्या मुलानं उत्तर छान दिलं. दोन वर्षं बसायचं, कामाला हात घालायचा आणि उठायचं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या, म्हणजे त्यांच्या मूळ नियमांच्या, कलम 23 प्रमाणे मुदत संपल्यावर लागोपाठ पुन्हा उभंही राहता येत नाही. समोरचे पाच कायम सदस्य मात्र 1945 पासून तिथेच. माझं मन अर्थातच त्याच्या बाजूचं. तरी सांगते, चिठ्ठ्या टाकून देश वाटणं हा या शिबिराचा सगळ्यात चांगला निर्णय. आपल्या मुलांना भारताची बाजू घरात बसूनही कळते. समोरचा का अडवतो हे कळायला त्याच्या खुर्चीवर बसावं लागतं.

तिसरा रविवार आफ्रिकेचा होता आणि तो मला सर्वांत आवडला. केनियाची पाटी एका लाजऱ्या मुलाकडे होती, बहुतेक नववीतला. खाली मान घालून वाचत होता, पण मुद्दा पक्का. आफ्रिकेत 54 देश आहेत आणि कायम जागा एकही नाही. 2005 मध्ये आफ्रिकी देशांनी स्वाझीलँडमधल्या एझुल्विनी इथं ठरवलेली भूमिका त्यानं सांगितली: निदान दोन कायम जागा, तीही नकाराधिकारासकट, म्हणजे एकट्याच्या विरोधानं ठराव अडवण्याच्या हक्कासकट. नकाराधिकार ही गोष्टच मुळात नको, पण जोवर इतरांना आहे तोवर आम्हालाही हवा. मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बोलावून शाबासकी दिली.

पोहे गरम होते, शेव आणि जिरावण वेगळं ठेवलेलं. जागा तळमजल्यावर, गाडी लावायला मात्र जागा नाही. खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या मांडल्या होत्या, न्यूयॉर्कच्या सभागृहात टेबल आहे तशाच. हे कुणीतरी विचार करून केलेलं दिसलं.

आता तक्रार. शेवटच्या रविवारी आमसभा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांची सभा, भरवली. 25 सदस्यांच्या ठरावाला 30 पैकी 21 हात वर गेले, दोन तृतीयांशापेक्षा एक जास्त. चीनच्या पाटीनं विरोध केला, अमेरिकेची तटस्थ राहिली. शिकवणारे सर म्हणाले, ठराव पास, परिषद वाढली. टाळ्या, फोटो, प्रमाणपत्रं. मी हात वर केला. वेळ संपली म्हणाले.

पण परिषद वाढली नव्हती! छापील पुस्तिकेतही हीच चूक आहे. सनद बदलायची तर कलम 108 प्रमाणे दोन पायऱ्या आहेत. आमसभेत दोन तृतीयांश सदस्य, म्हणजे आजच्या 193 पैकी 129, ही पहिली. त्यानंतर दोन तृतीयांश देशांनी आपापल्या घटनेप्रमाणे अनुमोदन द्यायचं, आणि त्यांत पाचही कायम सदस्य असलेच पाहिजेत, ही दुसरी. आमसभेत नकाराधिकार नसतो हे खरं, पण इथं पाचांपैकी एकानं नुसता कागद दाबून ठेवला तरी सगळं अडतं. 30 मुलं या समजुतीनं घरी गेली की हात मोजले की काम झालं. नीट तयारी करून आलेल्या मुलांवर हा अन्याय आहे, म्हणून मला लागलं.

दुसरी पायरी शिकवली की मुलं निराश होतील, असं सर मला नंतर म्हणाले. मला ते मुळीच पटत नाही. परिषद एकदा वाढलेली आहे. सुरुवातीला 11 सदस्य होते. 17 डिसेंबर 1963 ला आमसभेनं 15 करायचा ठराव केला. त्या दिवशी फ्रान्स आणि सोव्हिएत संघानं विरोधात मत दिलं, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. पाचांपैकी बाजूनं फक्त चीन, आणि तोही तेव्हा तैवानमधल्या तैपेईच्या सरकारचा. तरी 31 ऑगस्ट 1965 ला दुरुस्ती लागू झाली, कारण दीड-पावणेदोन वर्षांत पाचही जणांनी अनुमोदन दिलं. नव्यानं स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेच्या इतक्या देशांना एकटं पाडून दुखवायची कोणाची तयारी नव्हती.

म्हणजे आमच्या वर्गात चीनचा विरोध आणि अमेरिकेची तटस्थता आली तिथूनच खरी गोष्ट सुरू होत होती. त्या दोन मुलांना विचारायला हवं होतं: आता 21 देश तुमच्या दारात उभे आहेत, तुम्ही किती दिवस कागद दाबाल आणि त्यांना काय सांगाल? केनियाच्या त्या पोरानं काय उत्तर काढलं असतं, ते ऐकायला मी अजून एक रविवार आनंदानं बसले असते.

परतताना रिक्षात मी नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग इटलीला घाईच नाही ना आजी, थांबलं तरी तिचंच चालतं.’ सहा रविवारांत कुणी तिला हे शिकवलं नव्हतं, पण पाटीमुळे ते तिला सुचलं. एवढ्यासाठी 2,400 रुपये मला जास्त वाटत नाहीत.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. मुलांना जरूर घाला, नववीतल्यांनाही. फक्त पैसे भरताना विचारा की पुस्तिका दुरुस्त केली का, आणि अनुमोदनासाठी सातवा रविवार ठेवणार का. तो एक दिवस मी स्वतः येऊन घेईन, मानधन नको, असं त्यांना सांगून आले आहे.