जेकिलची मिनिमा थीम, नऊ महिन्यांनंतर (मराठीत लिहिणाऱ्यांनी आधी हेडिंग बघा)

मिनिमा काय आहे ते सांगत बसत नाही. जेकिल (साध्या मजकुराच्या फाईलींपासून साईट तयार करणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकलं की सोबत जी पांढरी, मोकळी थीम येते तीच ही. माझी साईट आईच्या हातच्या पदार्थांची आहे, आत्ता २१४ कृती आहेत, सगळ्या मराठीत. आणि मी या थीमवर आले ती हौस म्हणून नाही, नाईलाजाने आले.

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून मावशीचा फोन आला, "अगं, तुझी चकलीची भाजणी उघडायला गेले तर पत्त्यांचा जुगार उघडतोय, माझा फोन बिघडलाय का?" फोन बिघडला नव्हता, माझा ब्लॉग बिघडला होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका साईटवरून मी एक "फुकट" टेम्प्लेट उतरवलं होतं, खाली फुटरमध्ये त्यांच्या नावाची लिंक असायची, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, कष्ट त्यांचे होते. पण मधल्या काळात त्यांनी ते डोमेन सोडलं असावं आणि दुसऱ्याच कुणीतरी घेतलं, कारण आता त्या लिंकवर जुगाराची साईट होती. मला ते दिसलं तशी मी ती ओळ काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. टेम्प्लेटच्या आत अगम्य अक्षरांची एक लांबलचक ओळ दडवलेली होती, फुटरमधली लिंक जागेवर नसेल तर येणाऱ्या प्रत्येकाला ती सरळ तिकडे ढकलायची. म्हणजे लिंक ठेवली तरी जुगार, काढली तरी जुगार. ऐन दिवाळीत, जेव्हा लोक चकली आणि अनारसे शोधत येतात तेव्हा, माझी साईट पाच दिवस बंद होती. मला अजूनही त्याचा राग येतो.

तेव्हा एक ठरवलं की आता जे घेईन त्यात काय लिहिलंय ते मला वाचता आलं पाहिजे आणि त्याला हात लावायची परवानगी पाहिजे. पैसे नकोत हेही होतंच, डोमेनचे दरवर्षी भरते तेवढे पुरे. मिनिमा एमआयटी लायसन्सवर आहे. ते लायसन्स एका पानात मावतं आणि त्यात साधारण एवढंच म्हटलंय की वापरा, बदला, वाटा, विका, फक्त मूळ हक्काची नोंद आणि हा मजकूर प्रतीसोबत राहू द्या, आणि काही बिघडलं तर आमची जबाबदारी नाही. साईटच्या फुटरमध्ये नाव लावायची सक्ती कुठेच नाही.

(नाव वाचून बरं वाटलं ते वेगळ्या कारणाने. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर २००४ साली डिझायनर डग्लस बोमन यांनी केलेलं मिनिमा नावाचंच टेम्प्लेट आलं होतं, माझा पहिला ब्लॉग २००८ मध्ये त्याच्यावरच सुरू झाला आणि त्या काळात मराठी ब्लॉग उघडला की निम्म्या वेळा तेच दिसायचं. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण ते पांढरं पान बघून घरी आल्यासारखं वाटलं.)

आता मुख्य गोष्ट, हेडिंग.

साईट उभी राहिली, पहिल्या पंधरा कृती टाकल्या आणि आईला लिंक पाठवली. तिचा पहिला प्रश्न, "शेंगोळ्याचा अनुस्वार कुठं गेला गं?" मी म्हटलं, आहे की. तिने फोन माझ्या पुढे धरला. "हुलग्याचे पातळ शेंगोळे" हे शीर्षक तिच्या फोनवर दोन ओळींत तुटत होतं, वरच्या ओळीच्या सुरुवातीला हु, खालच्या ओळीच्या सुरुवातीला शें, आणि हु चा उकार बरोबर शें च्या मात्रा-अनुस्वारावर येऊन बसला होता. सगळं गिचमिड. खाली "कुळथाचं पिठलं" बघितलं तर तिथे अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली.

मी दोन महिने या थीमला नावं ठेवली. खरंच ठेवली, भावाला सांगितलं की फुकटचं हे असंच असतं. तेव्हा मी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी दोन दिले असते.

कारण कळलं ते जानेवारीत. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या नियमांत, साईटच्या नावाला आणि लेखाच्या शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) उणे एक पिक्सेल दिलंय आणि शीर्षकाची लाईन-हाईट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) नुसती १. इंग्रजीत ते घट्ट, नेटकं दिसतं, कारण इंग्रजी अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यांना जागा लागते, आणि अक्षर आडवं जवळ ओढलं की एकाची वेलांटी दुसऱ्याच्या मात्रेत घुसते. याच्या उलटही वाईटच, काही थीम शीर्षकाची अक्षरं हौसेने लांब लांब ठेवतात, तिथे शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. त्यामुळे मराठीसाठी थीम कुठलीही घ्या, लेटर-स्पेसिंग शून्य पाहिजे. माझ्या मते दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल, हे बघाच.

दुरुस्ती काय, तर असेट्स फोल्डरमध्ये आपली मेन नावाची एससीएसएस (सीएसएसचाच एक प्रकार) फाईल करायची, तिच्यात आधी मूळ मिनिमा इम्पोर्ट करायची आणि खाली आपले नियम. लेटर-स्पेसिंग नॉर्मल, शीर्षकाची लाईन-हाईट १.४, मजकुराची १.५ वरून १.७५, अक्षर १६ ऐवजी १८ पिक्सेल. मूळ थीमला हात नाही. एक सांगते, ही पद्धत मिनिमाच्या २.५.१ आवृत्तीची आहे आणि गिटहब पेजेसवर (माझी साईट जिथे फुकट ठेवलीय ती सेवा) तीच येते, ३ ची पद्धत वेगळी आहे, मी दोन्हींच्या सूचना एकत्र करून एक अख्खी संध्याकाळ घालवली. तर अशा चार ओळी, आणि शेंगोळ्याचा अनुस्वार परत आला.

तिथून माझं मत फिरलं. दोष होता, पण तो मला दिसत होता, उघडून वाचता येत होता, दुरुस्त करता येत होता आणि कुणाला विचारावं लागलं नाही. जुन्या टेम्प्लेटमध्ये दोष दडवलेला होता आणि काढायला गेल्यावर शिक्षा मिळाली. दोन्ही फुकटच होती की.

भाषेचंही तसंच. काही सांगितलं नाही तर ही थीम पानाची भाषा इंग्रजी धरते. कॉन्फिग फाईलमध्ये भाषा म्हणून मराठीचा एमआर लिहा, एक ओळ आहे. त्याने आंधळ्या वाचकांचं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य भाषेत वाचू शकतं, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय, शाळेत आपण तेच गिरवलेत, आणि स्क्रीनवर मात्र बहुतेक वेळा हिंदी वळणाचे बघायची सवय लागलीय. माझ्या फोनवर "लसूण" मधला ल बदललेला बघितला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला.

वेगळा फॉन्ट जोडून बघितला, मुक्ता, सुंदरच आहे, पण माझं पान फोटो सोडून तीसेक केबी आणि फॉन्टची फाईल त्याच्यापेक्षा जड, गावाकडे एसटीत बसून वाचणाऱ्याला ते कशाला, म्हणून काढला. फोनमध्ये असतो तोच वापरते. महिन्यांची नावं इंग्रजीत येतात, मी तारीख आकड्यांत करून टाकली. "पोस्ट्स" हे हेडिंग बदलून "कृती" केलं. फाईलचं नाव मात्र रोमनमध्येच ठेवा, देवनागरी ठेवलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवताना एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि लोकांना वाटतं व्हायरस पाठवलाय.

मार्चमध्ये मी हे सगळं बदललेलं फोल्डर तसंच सार्वजनिक ठेवलं, मूळ लायसन्ससकट, आणि वर मराठीत लिहिलं की घ्या, फुटरमध्ये माझं नाव नको. मला वाटलं होतं भाऊ घेईल फक्त. एका जिल्हा परिषद शाळेतल्या सरांनी घेतलं, मुलांचे निबंध टाकतात, त्यांनी आधी विचारलं, "ताई, वर्षाचे किती द्यायचे?" मी काही नाही म्हटलं तर त्यांचा पुढचा प्रश्न, "मग पुढच्या वर्षी मागाल का?" हा प्रश्न मला लागला, कारण तो बरोबर आहे, आपल्या लोकांना फुकटचा अनुभव तसाच आलाय. त्यांना लायसन्सचा तो मजकूर मराठीत समजावून सांगितला, दिलेल्या प्रतीची परवानगी मला परत घेता येत नाही हे सांगितलं, तेव्हा त्यांनी शाळेचं नाव टाकलं.

गोव्याहून एकीने कोकणीसाठी घेतली. तिने भाषेचा कोड बदलला आणि एक भर घालून परत पाठवली, पान छापलं तर वरचा मेनू आणि खालचा फुटर छापला जात नाही, नुसती कृती कागदावर येते. हे मला नऊ महिन्यांत सुचलं नव्हतं, आणि आईला फोनपेक्षा कागदच बरा वाटतो हे मला माहीत असूनसुद्धा. आता माझ्या प्रतीतही ते आहे. त्या दिवशी मी खूप खूश होते.

राहिलेल्या अडचणी आहेत. विंडोजवर रूबी (जेकिल चालवायला लागणारी प्रोग्रामिंगची भाषा) बसवताना माझे दोन दिवस गेले, ते टाळायचं असेल तर ब्राउझरमध्ये गिटहबवरच फाईल लिहा, चालतं. गिटहब पेजेसवर साईट १ जीबीच्या आत ठेवावी लागते, म्हणून फोटो लहान करूनच टाका, मी सुरुवातीला फोनमधले तसेच टाकले आणि मग सगळे परत करावे लागले. आणि शोधायची सोय नाही. २१४ कृतींमध्ये पडवळ शोधायला बायका मलाच मेसेज करतात. इंग्रजीसाठी शोधाच्या कोडचे तयार तुकडे मिळतात, पण मी लावून बघितलेला "पडवळ" टाकलं की "पडवळाची" दाखवत नाही. मराठी विभक्तीप्रत्यय सांभाळून घेणारं काही कुणी केलं असेल, अर्धवट असलं तरी, तर मला द्या, नीट केलं की परत तुमच्याकडे पाठवेन.