जिवाणूंवर चालणारा वायरलेस सेन्सर, बागेत २ महिने वापरून (३ स्टार)

दिंडोरी रोडला आपली थॉमसन द्राक्षांची बाग आहे, ऑक्टोबर छाटणी झाल्यावर मातीच्या ओलाव्याचा मीटर म्हणून हा ऑनलाईन मागवला. बॅटरी नाही, सोलर नाही, मातीतलेच जिवाणू वीज बनवतात म्हणे. कार्बनच्या कापडाची एक चकती बोदात (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात) गाडायची, दुसरी वर हवेला उघडी, खालचे जिवाणू शेणखत खातात आणि इलेक्ट्रॉन चकतीला देतात. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणे मामा हे जुनंच आहे, १९११ ला पॉटर नावाच्या इंग्रज प्रोफेसरने करून दाखवलंय. फक्त करंट एवढा चिल्लर की तो आधी कपॅसिटरमध्ये साठतो, भरला की लोरावरून (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) शेडवरच्या गेटवेला, म्हणजे मेसेज पकडणाऱ्या डबीला, व्होल्टेजचा एक मेसेज जातो. त्यामुळे दर १५ मिनिटाला रिडिंग वगैरे विसरा, माझ्याकडे दिवसाला ४-५ येतात.

पहिले १२ दिवस शून्य. कस्टमर केअर म्हणे रीस्टार्ट करा, आता जिवाणूंना कसं रीस्टार्ट करू सांगा! चकतीवर त्यांचा थर बसायला वेळ लागतो हे माहितीपत्रकात कुठेच नाही. १३ व्या दिवशी आपोआप सुरू, ०.४२ व्होल्ट.

मग एकदा गड्याने टाकीत उरलेलं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) नेमकं तिथेच ओतलं. सकाळी बघतो तर ०.११. मोरचुदातलं तांबं बुरशीला मारतं ते ह्यांना सोडणार होय? दोन मग जीवामृत घातलं, नऊ दिवसांनी ०.३० वर आलं. आमचे दादा आधी हसत होते, आता रोज चहाला विचारतात, काय म्हणतायत तुझे किडे?

राग एकाच गोष्टीचा, कंपनी हा ओलाव्याचा मीटर म्हणून विकते. तो तसा नाहीये. माती सुकली तरी व्होल्टेज पडतं, औषध पडलं तरी पडतं, डिसेंबरच्या थंडीत पहाटे तर पडतंच, आणि नक्की कशाने ते तुम्हीच ओळखायचं. ड्रीप याच्या भरवशावर चालवू नका, त्याला वेगळा सेन्सर ठेवा. आणि हो, लावताना ड्रिपरच्या अगदी खालीच लावा, माझा आधी वीतभर लांब होता, काळ्या मातीला भेग पडली आणि चकती उघडी पडली, दोन दिवस रिडिंगच नाही.

पुढच्या छाटणीला अजून एक घेणार आहे. गेटवे किमतीत धरलेला नसतो, ऑर्डर करायच्या आधी विचारा, मी नव्हतं विचारलं.