थारला लोखंडी बंपर: तयार घ्यावा, बनवून घ्यावा की मूळचाच ठेवावा?

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने महिंद्राची थार घेतली आणि दोन महिन्यांत त्याच्यासमोर तीन पर्याय आले. एका फॅब्रिकेटरने ५ मिमी प्लेटचा बंपर १६ हजारांत बनवून देतो म्हणून सांगितले. थारसाठीच तयार होणारा ३ मिमीचा बंपर ३८ हजारांना मिळत होता. तिसरा पर्याय मी सुचवला: मूळचा बंपर तसाच ठेवायचा आणि चॅसीला बोल्टने बसणारे दोन रिकव्हरी पॉइंट, म्हणजे रुतलेली गाडी ओढायला पट्टा अडकवायच्या जागा, लावायचे, खर्च ८ हजार. तो पहिल्याकडे झुकला होता. जाड प्लेट आणि कमी पैसे, कोणीही झुकेल.

मी त्याला थांबवले, कारण माझ्या जुन्या जीपला असाच बंपर होता. एका पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर गाडी रुतली. माळव्याची काळी माती भिजली की चाक नुसते फिरत नाही, माती त्याला खाली धरून ठेवते. ओढणाऱ्या गाडीला गाडीच्या वजनाबरोबर त्या चिकटपणाशीही झुंजावे लागते. पट्टा लावून दुसऱ्या गाडीने झटका दिला, तेव्हा बंपरवर वेल्ड केलेला हूक तुटून उडाला आणि पुढच्या गाडीच्या मागच्या दारावर आदळला. मध्ये माणूस असता तर? ५ मिमीची प्लेट शाबूत होती. हूकचे वेल्डिंग वरवरचे होते आणि बंपर चॅसीला धरणारी ब्रॅकेट वाकली होती.

म्हणून बंपर आधी मागून पाहायचा. चॅसीला तो किती बोल्टने धरला आहे, ब्रॅकेट किती जाड आहे, तिला तिरका आधार दिला आहे का, हे आधी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ ही ताकदीची श्रेणी कोरलेली हवी. काहीच आकडा नसेल तर तो बोल्ट परत द्या. शॅकल (ओढायचा पट्टा जोडायची लोखंडी कडी) अडकवायची पट्टी बंपरच्या तोंडावर चिकटवलेली नको. ती प्लेटच्या खाचेतून आरपार मागे जाऊन थेट चॅसीच्या ब्रॅकेटला जोडलेली हवी, म्हणजे ओढ बंपरवर न येता चॅसीवर जाते. शॅकलवर ४.७५ टन असा भार छापलेला असावा.

आता जाडीचा हिशेब. पोलादाच्या ३ मिमी प्लेटचे वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, ५ मिमीचे ३९ किलोच्या वर. पूर्ण रुंदीच्या बंपरला सव्वा ते दीड चौरस मीटर प्लेट धरा: ३ मिमीत ३० ते ३५ किलो, ५ मिमीत ५० ते ५९. ब्रॅकेट वेगळ्या, आणि पुढे विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) बसवलीत तर तिचे वजन आणखी. हे सगळे पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते. गाडीचे नाक खाली बसते, हेडलाइटचा झोत बदलतो, ब्रेक लावताना गाडी जास्त झुकते. नीट घड्या घातलेली ३ मिमीची प्लेट सपाट ५ मिमीपेक्षा वाकायला कठीण असते, कारण कडकपणा घडीतून येतो. तयार बंपरमध्ये या घड्या मशीनवर घातलेल्या असतात. बनवून घेतलेल्यात बहुधा तुकडे कापून कोपऱ्यात जोडतात. बाहेरून मोजा: जोड जितके कमी, तितके बरे.

भाव रास्त आहे का, हेही यातूनच कळते. पोलाद किलोमागे ६०-७० रुपये धरले, तरी ४० किलोचे तीन हजारांच्या आतच होतात. म्हणजे १६ हजार काय आणि ३८ हजार काय, आपण पैसे देतो ते कापणी, घड्या, वेल्डिंग, रंग आणि मापांच्या अचूकतेचे. तयार बंपर चॅसीच्या मूळ भोकांत बसतो, नवे भोक पाडावे लागत नाही. हा फरक मोठा आहे आणि त्यासाठी जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. स्थानिक कारागिरीला मी कमी लेखत नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरमध्ये वाहन उद्योगाची कामे करणारे उत्तम वेल्डर आहेत. मात्र त्यांच्याकडून काही गोष्टी लिहून घ्या: वेल्डिंग मिगने (सतत तार पुरवणाऱ्या मशीनने), पावडर कोटिंगआधी पत्रा पूर्ण घासून त्यावर प्रायमर, तळाला पाणी निघायची भोके. काळी माती आत साचली की रंगाखालून गंज सुरू होतो, आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मात्र थारच्या बाबतीत एअरबॅगचा प्रश्न धातूपेक्षा मोठा आहे. मूळच्या बंपरमागची तुळई आणि तिचे चेपणारे भाग धडक पोटात घेतात. ती कशी चेपते हे गृहीत धरूनच सेन्सर एअरबॅग कधी उघडायची ते ठरवतो. तुळई काढून कडक लोखंड सरळ चॅसीला ठोकले, तर ते गणितच बदलते. ‘एअरबॅगला चालतो’ एवढे तोंडी ऐकून समाधान मानू नका. तुमच्या मॉडेलवर चाचणी झाल्याचा कागद मागा.

कायदाही पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे बंपरवर लावायच्या लोखंडी नळ्यांच्या चौकटी, यांवर कारवाई करायला सांगितले. पादचारी आणि गाडीतले प्रवासी, दोघांनाही त्यांचा धोका असतो. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नळीचा गार्ड वर आलेला बंपर मी यादीतून काढूनच टाकला. बिनगार्डचा लोखंडी बंपरही मूळ रचनेत नसतो, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

भावाचे रोजचे जाणे-येणे एबी रोडने, आजूबाजूला दुचाकींची गर्दी. महिन्यातून एखादा रविवार जानापाव किंवा चोरल. २०२० मध्ये दुसऱ्या पिढीची थार आली तेव्हा कंपनीने पुढचा चढकोन, म्हणजे बंपर न घासता गाडी किती तिरक्या चढाला भिडू शकते तो कोन, ४१.८ अंश सांगितला होता. त्या वाटांवर मूळचा बंपर आडवा येत नाही. त्याला मी ८ हजारांचाच पर्याय घ्यायला लावला. दर आठवड्याला दगड-खडकांत जाणाऱ्याने आणि विंच खरोखर वापरणाऱ्याने ३८ हजारांचा घ्यावा, चाचणीचा कागद आणि आरटीओचा होकार मिळाला तरच. फॅब्रिकेटरचा बंपर मी एअरबॅग नसलेल्या जुन्या जीपसाठीच विचारात घेईन, तोही त्याचे काम दुसऱ्या गाडीखाली आडवे होऊन पाहिल्यावर.

रिकव्हरी पॉइंट बसवून दीडशे किलोमीटर झाल्यावर आम्ही बोल्ट पुन्हा आवळले. चारांपैकी एक बोल्ट पाव फेरा फिरला.