वासरांसाठी निपलची दूधबाटली: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

बादलीतल्या दुधात बोटे बुडवून ती वासराला चोखायला लावण्याची पद्धत आम्ही अनेक वर्षे पाळली. गेल्या सहा महिन्यांत मात्र गोठ्यातील प्रत्येक नवजात वासराला दोन लिटरच्या निपल बाटलीनेच चीक (गाय व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध) पाजला, आणि आता बादलीकडे परत जाण्याची इच्छा नाही.

मान किंचित वर करून चोखताना वासराच्या अन्ननलिकेची खाच मिटते व दूध कोठीपोटात (पहिल्या पोटात) न जाता थेट चौथ्या पोटात उतरते. पहिला चीक दोन तासांच्या आत मिळणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण त्यातील प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत २४ तासांत जवळजवळ संपते. वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, हे प्रमाण बाटलीवरील खुणांमुळे नेमके मोजता येते.

सोबत आलेल्या निपलचे भोक मात्र फार मोठे होते. दूध भसकन आल्याने एका वासराला ठसका लागला, आणि दूध फुप्फुसात गेल्यास न्युमोनियाचा धोका असतो, म्हणून आम्ही लगेच लहान भोकाचे निपल बसवले. अरुंद तोंडामुळे बाटली घासण्यास लांब ब्रश लागतो. आधी कोमट, मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन ती पालथी वाळवावी.

चोखण्याइतकी ताकद नसलेल्या वासरासाठी ही बाटली उपयोगाची नाही. तेथे पशुवैद्यकालाच बोलवावे.